दोन दिव्यांच्या जागी एक ट्यूब

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या वहिनीचे. आईवडिलांनी वाढवलं, देवळ्याकडच्या आमच्या गावातल्या गुरुजींनी अक्षर वळवलं, थोरल्या भावाने नाशिकला आणून कॉलेजात घातलं. पण मी बी. एस्सी. झालो तो वहिनीमुळे. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि मीही ते दुसऱ्या वर्षानंतर पुन्हा पाहिलं नसतं. कारण साधं होतं, घरखर्च. आणि त्यातून वाट निघाली ती घरातल्या दिव्यांच्या खर्चातून.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दादा ओझरला एका कारखान्यात हेल्पर होता, अजून कायम झाला नव्हता. पंचवटीत, आग्रा रोडपासून थोडं आत, एका दुमजली चाळीत आमची खोली होती. खोली एकच, पण लांबट. मधोमध माणसाच्या उंचीची फळ्यांची भिंत घालून तिचे दोन भाग केलेले. फळ्यांच्या वर आढ्यापर्यंत मोकळं. पुढे दादाची खाट आणि माझी पुस्तकं, मागे स्टोव्ह, भांडी आणि मोरी. दोन्हीकडे एकेक साठचा बल्ब वायरीला लोंबत असायचा.

विजेचा हिशेब आमच्याकडे मोठा गमतीचा होता. भाडेकरूंच्या सगळ्या खोल्यांना मिळून एकच मीटर, जिन्याखाली लाकडी पेटीत. पेटीची किल्ली मालकांकडे. वरच्या मजल्यावर मालक राहायचे, त्यांचं मीटर वेगळं. आम्ही भाड्याबरोबर दर दिव्यामागे ठरलेले पैसे द्यायचे. दिवा तासभर जाळा नाहीतर संध्याकाळपासून मालक रात्री मेन स्विच बंद करेपर्यंत, पैसे तेवढेच. त्यामुळे चाळीत दिवा मालवायची कुणाला सवयच नव्हती. खोलीला कुलूप लावून लोक देवळात जायचे आणि आत बल्ब जळत असायचा. शेजारचे एस.टी.तले कंडक्टर म्हणायचे, "पैसे भरलेत ना? मग जळू दे की. तो बी काम करतोय बिचारा."

त्या हिवाळ्यात मालक एका सकाळी अंगणात येऊन उभे राहिले. त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं सगळं तराजूत घातल्यासारखं.

"बिल दुप्पट यायला लागलंय," ते म्हणाले. "तुमच्यातलं कुणीतरी चोरून शेगडी लावतंय. कोण ते सापडेपर्यंत सगळ्यांना दिव्याचे दीडपट पडतील."

त्या संध्याकाळी दादा जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला म्हणाला, "जूनपासून याचं कॉलेज बंद. ओझरला हंगामी माणसं घ्यायला लागलेत. मी साहेबाच्या कानावर घातलंय."

वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "कशापाई?"

"कशापाई म्हणजे? भाडं वाढलं, रॉकेल वाढलं, आता दिवे पण वाढले. फी कुठून भरायची? माझ्याच कामाचा भरवसा नाय."

मी ताटाकडे बघत होतो. दादा खोटं बोलत नव्हता. त्याने माझ्यासाठी स्वतःला नव्या चपलासुद्धा घेतल्या नव्हत्या. त्याला उलट बोलायचा मला अधिकार नव्हता.

वहिनीने भाकरी तव्यावर टाकली. "दिव्यांचं मी बघते," ती म्हणाली. "त्यातून जे वाचंल ते भाऊजींच्या फीला. मग तर झालं?"

दादा हसला. "दिव्यातून वाचून वाचून किती वाचणार?"

"ते माझ्याकडं लागलं. तोवर साहेबाला काय बोलू नका."

"साहेब काय जागा धरून बसणार हाय तुझ्यासाठी?"

"नसंल बसत तर बरंच झालं."

वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. पण एकदा मनात घेतलं की ती मागे हटणारी नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिने मालकांना सांगून स्वयंपाकाकडचा बल्ब काढून टाकला आणि चिमणी लावली. एका दिव्याचे पैसे तर वाचले. पण रॉकेल रेशनचं, स्टोव्हला पुरवून पुरवून वापरायचं, त्यातलंच चिमणी पिऊ लागली. भिंतीला काजळी धरली, वहिनीचे डोळे चुरचुरायला लागले. एका रात्री दादाने आमटीचा भुरका मारला आणि म्हणाला, "मीठ घातलंय का मिठात आमटी घातलीय?" पंधरवड्याच्या आत चिमणी फळीवर गेली आणि बल्ब परत आला. मालकांनी पैसे पूर्ण महिन्याचे घेतले.

मला वाटलं, आता वहिनी सोडून देईल. तिने उलट सगळा दिवस हलवला. निवडणं, टिपणं, शिवणं दारात उजेड असेपर्यंत. भाकऱ्या दिवस मावळायच्या आत. आढ्याला आणि फळ्यांना तिने चुना दिला, मी बादली धरून उभा. चुन्याने खोली खरंच उजळली. आता पुढचा एकच बल्ब ठेवायचा आणि त्याच्या उजेडात मागचं भागवायचं, असा तिचा विचार. उजेड फळ्यांवरून पलीकडे जायचा, पण फळ्यांची काळी सावली नेमकी स्टोव्हवर पडायची.

"तुमच्या शास्त्रात ह्या सावलीला काय औषध हाय का?" तिने मला विचारलं.

मी फिजिक्स घेतलेलं. कॉलेजात शिकलेलं घरी कुणी विचारावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. मी म्हणालो, दिवा एका ठिपक्यासारखा असला की सावली गडद पडते. दिवा लांबट असला आणि फळ्यांच्या बरोबर वर बसवला, तर दोन्हीकडे उजेड पडेल आणि सावली राहणार नाही.

"लांबट म्हणजे? दुकानात असतो तसा? पांढरा?"

"हो, ट्यूबलाइट. तिला वीजही कमी लागते. चाळीसची ट्यूब आपल्या दोन बल्बांपेक्षा जास्त उजेड देईल आणि निम्म्याहून कमी खाईल."

"मग आधी का नाय सांगितलं?"

ट्यूब ही दुकानात, ऑफिसात आणि मोठ्यांच्या घरी असते, ती आपल्यासारख्यांना स्वस्त पडेल, हे माझ्याही मनात आलं नव्हतं. वहीतल्या गणितात ते दिसलं होतं, घरातल्या दिव्याला लावून पाहिलं नव्हतं.

नवी घेणं शक्यच नव्हतं. वहिनी गंगेवरच्या, म्हणजे गोदेकाठच्या, बुधवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगांपाशी जाऊ लागली. कॉलेज नसेल तेव्हा मी बरोबर. बऱ्याच बुधवारी आम्ही हात हलवत परत आलो. मग एकदा एका माणसाकडे पूर्ण फिटिंग दिसलं, पट्टी, चोक, स्टार्टर, ट्यूब सगळं. कुठल्यातरी कापडदुकानातून निघालेलं.

"बाई, जुना माल आहे, हमी मिळणार नाही," तो म्हणाला.

"हमी नको. पेटवून दाखव."

"इथे उघड्यावर वीज कुठून आणू?"

वहिनीने मागच्या चहाच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "तिथं रेडिओ चाललाय. म्हणजे वीज असंल."

तो माणूस कुरकुरत उठला. चहावाल्याचा रेडिओ थोडा वेळ गप्प झाला, गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला, आणि भर दुपारी ती ट्यूब दोनदा मिचमिचून लख्ख पेटली. वहिनीने पदराची गाठ सोडली. ते पैसे तिच्या पोळ्याच्या नव्या लुगड्याचे होते, हे मला दादाकडून नंतर कळलं.

दादाने ट्यूब बरोबर फळ्यांच्या वर आडवी बसवली. संध्याकाळी बटण दाबलं आणि आमची खोली पुढून मागून सारखी उजळली. स्टोव्हवर सावली नव्हती. चोक गुणगुणत होता, तेवढंच. कंडक्टर दारात येऊन उभे राहिले.

"काय वहिनी, लग्न हाय का घरात?"

"हाय ना. जेवायला मात्र आपापल्या घरी जायचं."

वहिनीने दोन्ही बल्ब पुसून कागदात गुंडाळले आणि मालकांना निरोप धाडला, पुढच्या महिन्यापासून आमचा एकच दिवा धरा. निरोपाला उत्तर म्हणून मालक स्वतःच खाली आले. खोलीत न येता उंबऱ्यातूनच त्यांनी वर बघितलं.

"हा एक दिवा?" ते म्हणाले. "अहो, हा तीन दिव्यांचा उजेड आहे. तीनाचे द्यावे लागतील."

मी पुढे झालो. वॅट म्हणजे काय, बल्बमध्ये निम्मीअधिक वीज तापण्यातच कशी जाते, सगळं सांगायला लागलो. माझा आवाज चढत गेला आणि वाक्यं अडखळत गेली. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पुस्तकातलं पुस्तकात ठेव बाळा," ते म्हणाले. "मला डोळे आहेत."

ते गेल्यावर दादा खाटेवर टेकला. मग म्हणाला, "उद्या ती ट्यूब काढून ठेव. दोनाचे द्यायचे ते तीनाचे द्यायची पाळी आली. आता मी साहेबाला हो म्हणून टाकतो." तो चिडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो दमून बोलला.

वहिनीने ट्यूब काढली नाही. सकाळी मालक दुकानाला निघाले, तेव्हा ती जिन्यापाशी उभी होती. मी तिच्या मागे.

"मालक, एक विचारू? तुमच्या दुकानात मळकी कळशी असती नि घासलेली कळशी असती. वजन सारखं. चमकती म्हणून तुम्ही तिचे तिप्पट घेता का?"

"कळशी आम्ही तोलून देतो, वहिनी. चमक बघून नाही."

"मग आमचा दिवा बी तोलून बघा."

मालक हसले. "वीज कशात तोलणार?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. यावेळी मी वॅटचं नाव काढलं नाही. "मीटर हाच विजेचा काटा," मी म्हणालो. "आतली चकती बघायची. सगळ्या खोल्यांचं सगळं बंद करायचं. आधी आमचे दोन बल्ब लावायचे आणि फेऱ्या मोजायच्या. मग ट्यूब लावून तेवढ्याच वेळात मोजायच्या. ट्यूब जास्त फिरवत असेल तर तीनाचे घ्या."

तोलायचं म्हटल्यावर मालकांना नाही म्हणता येईना. दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी सकाळी बघू, असं ठरलं.

त्या सकाळी जिन्याखाली सगळी चाळ गोळा झाली. कंडक्टरांची पाळी नव्हती, त्यांनी पुढाकार घेऊन खोल्याखोल्यांतून बटणं बंद करवली आणि घंटी मारल्यासारखं ओरडून सांगितलं, "झालं! सगळं बंद!" मालकांनी पेटी उघडली. मी काचेला डोळा लावला.

चकती गरागरा फिरत होती. आमचे दिवे तर अजून लागलेच नव्हते.

"बघा!" मालक म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? चोर आहे तुमच्यात."

मग जे व्हायचं ते झालं. ज्याच्या त्याच्या खोलीत जो तो डोकावू लागला. कुणाच्या खाटेखाली शेगडी सापडली, पण ती कोळशाची निघाली. कुणी म्हणालं, अमक्याकडे इस्त्री आहे. अमका म्हणाला, तुझ्या तोंडात शेण. दोन बाया एकमेकींची माहेरं काढू लागल्या. चकती फिरतच होती. दादा माझ्या कानाशी म्हणाला, "चल घरात. आपल्यामुळं तमाशा झाला."

वहिनी मात्र भांडणाकडे बघतच नव्हती. ती वर बघत होती. मालकांनी दिवाळीनंतर वरच्या मजल्यावर जिन्याच्या अंगाला नवी न्हाणी बांधली होती, तिच्या खिडकीतून वाफ येत होती. वहिनी मला हळूच म्हणाली, "थंडीभर वरचा बंब पेटलेला दिसला नाय. धूरच नाय. तुम्ही चकती बघत राहा." आणि ती जिना चढून गेली.

थोड्या वेळाने चकती थांबली. एकदम. मी काचेवर बोट टेकवून बघत राहिलो, ती हलली नाही. वहिनी खाली आली आणि मालकांच्या जवळ जाऊन, फक्त त्यांना आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "मालकीणबाई न्हायला पाणी तापवत होत्या. हीटर बंद करायला सांगितला. न्हाणीची वायर वायरमनने खालच्या लाइनीवरनं घेतलेली दिसती. तुम्हाला ठाऊक नसंल."

मालकांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, हे माझ्या लगेच लक्षात आलं. ज्या चोराला ते हिवाळाभर शोधत होते, तो त्यांच्याच न्हाणीत बसला होता, आणि त्याचे पैसे सगळी चाळ भरत होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीने माझ्या मनगटाला धरलं. मालकांनाच म्हणाली, "पुढच्या महिन्यापासनं सगळ्यांचे दिव्याचे पहिल्यासारखे घ्या. जास्तीचे घेतलेत ते भाड्यात वळते करा. कारण काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

"आणि तुमची ट्यूब?" मालकांनी विचारलं.

"ती तोलायची हाय अजून."

आणि तिने तोलूनच घेतली. त्यावेळी न तोलताही मालक एका दिव्याला नाही म्हणाले नसते, पण तिला मेहेरबानी नको होती. आधी दोन बल्ब लावले, मालकांनी हातातल्या घड्याळावर वेळ धरली, मी मोठ्याने फेऱ्या मोजल्या. मग बल्ब बंद करून ट्यूब. चकती आता इतकी आळसावून फिरत होती की कंडक्टर म्हणाले, "ही तर घाटातल्या नाशिक–पेठ गाडीसारखी चाललीय." निम्म्या फेऱ्याही झाल्या नाहीत.

"एक दिवा," मालक सगळ्यांसमोर म्हणाले. "एकाचेच घेईन." मग घसा साफ करून, "आणि चोरबीर कुणी नाही. वायरिंगमध्ये घोटाळा होता, तो माझ्याकडचा. दर पहिल्यासारखे. जास्तीचे परत वळते करतो." चाळीने मालकांची वाहवा केली. ज्या बाया मघाशी माहेरं काढत होत्या, त्याच म्हणाल्या, माणूस मोठ्या मनाचा.

घरी आल्यावर मी वहिनीवर धुसफुसलो. सगळ्यांसमोर का नाही सांगितलं, म्हणून. ती तांदूळ धूत होती. "सांगून काय झालं असतं? त्यांची मान खाली गेली असती नि आपली खोली गेली असती. मंग तुम्ही कुठं बसून वाचला असता, गंगेवर?" आणि दादाकडे वळून, "आता साहेबाला काय सांगता?"

दादा चपला काढत होता. "काय सांगणार? दिवा एकच झाला, पण फी..."

"आधी आकडा घ्या." तिने सांगितला. एक दिवा कमी, दर कमी, वळते होणारे पैसे. फी पूर्ण भागत नव्हती. पण जी खोट राहत होती ती दादाने कुठूनतरी भरून काढावी इतकीच होती. दादाने काढलेल्या चपला भिंतीशी लावल्या. मग म्हणाला, "बरं. एक वर्ष."

जूनमध्ये मी तिसऱ्या वर्षाची फी भरली. पावती आणून वहिनीच्या हातात दिली, तेव्हा तिने ती वाचून परत दिली आणि म्हणाली, "मला कशाला? जपून ठेवा, नि अभ्यासाला लागा." मी लागलो. त्या वर्षी मी सणाला गावी गेलो नाही, सिनेमा पाहिला नाही, मित्रांबरोबर तपोवनात फिरायला गेलो नाही. याचं कुणाला कौतुक वाटावं असं काही नाही. मला दुसरं काही करवतच नव्हतं. एका बाईने माझ्या वर्षासाठी चाळीत उभं राहून वीज तोलून घेतली होती, तिच्यासमोर नापास होणं शक्य नव्हतं.

निकाल लागला तेव्हा वहिनी बाळंतपणाला माहेरी होती. मुलगी झाल्याची तार आधीच आली होती. निकाल पाहून मी घरी आलो आणि आधी तिला पत्र लिहायला बसलो. ते दोनदा फाडून दोन-तीन दिवसांनी तिसऱ्यांदा लिहिलं, म्हणून त्यातला शब्द न् शब्द लक्षात राहिला.

वहिनी,

तुम्हाला आणि तुमच्या आईंना वाकून नमस्कार. बाळ बरं असेल. दादा रोज विचारतो की नाक कुणासारखं आहे, ते कळवावं.

मी पास झालो. सेकंड क्लास मिळाला. बोर्डावर नंबर तीनदा वाचला, मग एका मित्राला वाचायला लावला. दादाला सांगितलं तसा तो सायकल घेऊन गेला आणि पेढे घेऊन आला. कारखान्यातही वाटले म्हणे. त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

या पास होण्यात तुमचा वाटा किती, हे लिहायला मला जमत नाही. पहिली दोन पत्रं त्याच्यातच फाटली. एवढंच लिहितो की मला ते ठाऊक आहे आणि आयुष्यभर ठाऊक राहील.

आता दुसरी गोष्ट. मला शिक्षक व्हायचं आहे, आणि त्यासाठी बी.एड.चं आणखी एक वर्ष लागेल. दादा म्हणतो, ऑफिसात क्लार्कची जागा मिळत असेल तर ती आधी धर. मी म्हणालो, मला शिकवायचंच आहे. कालपासून आम्ही दोघं यावर फार बोललेलो नाही. रात्री मात्र तो म्हणाला, "ती आल्यावर बघू." तेवढ्यावर मी फॉर्म आणून ठेवला आहे. खर्चाचं जे मला माझं मला करता येईल ते मी करणार आहे, दोन शिकवण्या विचारून ठेवल्या आहेत. पण दादाशी बोलताना तुम्ही हव्यात.

सव्वा महिना झाला की मी स्वतः न्यायला येतो. फॉर्मची मुदत त्याच्या नंतर आहे, चौकशी करून आलो आहे.

तुमचा धाकटा दीर